गुंगीत अव्वा काय बोलली

१ जानेवारी, बुधवार

औषध कंपनीचा माणूस परवा ही डायरी देऊन गेला. दरवर्षी मी पंधरा-वीस दिवस लिहितो आणि सोडतो. यंदा पहिल्याच दिवशी लिहायला कारण आहे, आणि ते चांगलं नाही. आईचे, आमच्या अव्वाचे, डोळे पिवळे झालेत.

सोमवारी वेळ अमावस्येला आम्ही मामाच्या शेतात पूजेला आणि जेवायला गेलो होतो. मी, बायको महानंदा आणि अव्वा. अव्वाने भज्जी खाल्ली, तिळाची पोळी खाल्ली, वर दोन पेले आंबील घेतली. परत येताना उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली होती. मी म्हणालो, पित्त झालंय. दुकानातून गोळी आणून दिली. काल पुन्हा दिली. वीस वर्षं परळीत मेडिकल चालवतोय, गिऱ्हाइकाला सांगतो की दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरला दाखवा. आणि घरच्या माणसाला गोळीवर गोळी.

आज सकाळी महानंदाने अव्वाला उन्हात बसवून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला हाक मारली. हाक मारण्याच्या पद्धतीवरूनच कळलं.

उद्या अंबाजोगाईला नेतो.

२ जानेवारी, गुरुवार

सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, आणि त्यातला एक घसरून नळीत अडकलाय. म्हणून कावीळ. थोडा तापही आहे. दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, तोंडातून दुर्बीण घालून खडा काढावा लागेल. ते करणारे डॉक्टर लातूरहून रविवारी येतात. तोवर सलाईन आणि अँटिबायोटिक. ताप वाढला तर रविवारची वाट न बघता रातोरात हलवायचं.

अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "परळीच्या हवेत येवढी थर्मलची राख हाय, पोटात खडा व्हनार न्हाई तर काय मोती व्हनार?"

नर्सने सलाईनची सुई डाव्या हातात लावायला घेतली तर अव्वाने हात काढून घेतला. रोज सकाळी ती गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते. अठ्ठावन्न वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. नर्सला वाटलं, म्हातारी घाबरली. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर महानंदाने उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, "ताई, इकडं लावा, त्या हातानं त्यांना काम हाय."

मला का नाही सुचलं?

३ जानेवारी, शुक्रवार

भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. वर्षाराणी मॅडम. पस्तिशीच्या असतील, गेवराईकडच्या. अव्वाशी खुर्ची ओढून बसून बोलल्या, उभ्याने नाही. दम लागतो का, पायऱ्या चढता का, दात हलतात का. अव्वा म्हणाली, "वैजनाथाच्या सगळ्या पायऱ्या चढते, बाई. दात दोन हायत, दोनी पक्के."

मग त्यांनी विचारलं, "अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी आहे का?"

अव्वा म्हणाली, "अंडं? आमी शिवत बी न्हाई."

मॅडम हसल्या, कागदावर खूण केली आणि गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. प्रश्न का विचारला ते मला माहीत होतं, तरी विचारलं. "प्रोपोफॉल देणार का?" त्या म्हणाल्या, "हो. तुम्ही या व्यवसायातलेच ना?"

खोक्यातलं माहितीपत्रक मागून घेतलं आणि जिन्यात बसून वाचलं. दुधासारखं पांढरं औषध. शिरेतून देतात. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप, काम झाल्यावर थोड्या वेळात जाग, मळमळ कमी. देताना शिरेत आग होते. रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, म्हणून शेजारी भूलतज्ज्ञ हवाच. हे सगळं कॉलेजात पाठ केलं होतं. पुढची ओळ मात्र आज पहिल्यांदा आपल्या घरची वाटली. सोयाबीनचं तेल, ग्लिसरीन, आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. तेल आणि पाणी एकत्र राहावं म्हणून.

वर आलो तर अव्वाने विचारलं, "तिनं अंड्याचं कावून इचारलं रे?"

मी म्हणालो, "सगळ्यांनाच विचारतात. फॉर्मवर असतंय तसं."

अव्वाने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. महानंदा डबा धूत होती. माझ्या पाठीमागचा डब्याचा आवाज थांबला.

मी काही चूक केली असं मला वाटत नाही. औषध आहे ते. खाणं नव्हे. तिला कळलं तर ती नाही म्हणेल, खडा तसाच राहील, जंतू रक्तात उतरतील. मग शुद्ध आचार घेऊन काय करायचं? आणि मी तरी कुठला शुद्ध आहे? पुण्यात सहा वर्षं नोकरीला होतो, भोसरीला औषध कारखान्याच्या तपासणी विभागात. रोज सकाळी बसस्टॉपजवळच्या गाड्यावर ऑम्लेट-पाव खायचो. घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे कुठेतरी सांगितल्यासारखं होईल.

४ जानेवारी, शनिवार

दुपारी कॉरिडॉरमध्ये महानंदा म्हणाली, "कालचं तुमी सांगताव का मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"ते मला म्हाईत न्हाई. पन काय तरी हाय. तुमी खोटं बोलताना शेवटाला 'तसं' म्हनता."

चोवीस वर्षांच्या धंद्यातही हे मला कुणी दाखवलं नव्हतं. चोवीस नाही, वीस. डोकं ठिकाणावर नाही.

मी तिला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल राहू द्या. ती म्हणाली, "उद्या त्यांना काय झालं तर तुमाला आयुष्यभर झोप येणार न्हाई. आन काय न्हाई झालं तरी न्हाई येणार."

मग अव्वाजवळ बसलो आणि सांगितलं. कोणतं औषध, कशासाठी, त्यात काय आहे, किती आहे. दुकानात पथ्य सांगतो तसंच, सरळ. ती ऐकत होती. संपल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी म्हणालो, "अव्वा, अंड्याचं म्हणजे अगदी थोडं असतं."

"अंड्याचं ऱ्हाऊ दे," ती भिंतीला म्हणाली. "तू काल माझ्या तोंडावर खोटं बोललास. मी तुला इचारलं व्हतं."

"तुझ्यासाठीच..."

"माज्यासाठी आसंल. पन पोट कुनाचं हाय?"

मी उठून बाहेर गेलो. पन्नाशी जवळ आली तरी आईने पाठ फिरवली की तिथे बसवत नाही.

संध्याकाळी तिनेच मॅडमना बोलावून घेतलं. मला वाटलं, आता भांडण होणार. अव्वा म्हणाली, "बाई, त्या पांढऱ्या सुईबिगर दुसरं काय हाय का? नसलं तर तीच टोचा. जीव वाचवायला आले, मरायला न्हाई. पन आसलं तर दुसरं द्या."

मॅडम जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आहे ना, आजी. केटामाइन म्हणून आहे. पाण्यासारखं असतं, त्यात अंडंबिंडं काही नाही. तुमचा रक्तदाब नीट आहे, हृदय चांगलं आहे, त्यामुळे देता येईल. त्याने श्वास सहसा मंदावत नाही. पण तोंडाला लाळ सुटते, जाग यायला उशीर लागतो, मळमळतं, आणि उठताना माणसाला भलतंच दिसतं. स्वप्नं पडतात. कुणी बडबडतं, कुणी रडतं. ते कमी व्हावं म्हणून मी सोबत आणखी एक औषध देईन, मिडाझोलाम. त्याने नंतर यातलं फारसं आठवणार नाही."

"सपनं मला रोज पडत्यात," अव्वा म्हणाली. "बडबडीचं म्हनाल तर तोंड बांदून ठिवा."

मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "आन आतमधी जिवावर आलं तर मला इचारत बसू नका. पांढरी टोचा, काळी टोचा."

मॅडमनी तेही कागदावर लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. अव्वा सही करताना 'मल्लम्मा गुंडप्पा' एवढंच लिहिते, आडनाव लिहीत नाही. अप्पांना, म्हणजे वडिलांना, जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांचं नाव तिथेच आहे.

५ जानेवारी, रविवार

खडा निघाला. हे आधी लिहितो, म्हणजे मलाच धीर येईल.

सकाळी आत नेताना नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. अव्वाने छातीवर हात ठेवला. मॅडम पुढे आल्या. म्हणाल्या, आत क्ष-किरण लागतात, विजेचं उपकरण लागतं, चांदीची डबी चालणार नाही. पण लिंग चांदीचं आहे का? अव्वा म्हणाली, न्हाई. मग मॅडमनी स्वच्छ कापडाची पट्टी आणली. अव्वाने स्वतः डबी उघडली, लिंग कपाळाला लावलं, पट्टीत गुंडाळलं आणि डाव्या दंडाला बांधून घ्यायला हात महानंदापुढे केला. रिकामी डबी माझ्या हातात दिली. कालपासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पाडू नको."

पाऊण तास लागला. मला वेळेचं काही आठवत नाही, डबीच्या बिजागरीचं आठवतं.

बाहेर आणली तेव्हा डोळे उघडे होते आणि बुबुळं एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होती. तोंडाच्या कडेने लाळ. मी औषधांत आयुष्य घालवलेला माणूस, ओरडणारच होतो. मॅडम म्हणाल्या, "या औषधाचं असंच असतं. श्वास छान आहे, ऑक्सिजन छान आहे. दिवा बारीक करा. हलवू नका, मोठ्याने हाका मारू नका. ओळखीचं माणूस जवळ बसलं की लवकर निवळतात." महानंदा औषधं आणायला खाली गेली. मी बसलो.

तासाभराने अव्वाची नजर माझ्यावर थांबली. चष्मा लावल्यावर मी अप्पांसारखा दिसतो असं सगळे म्हणतात.

ती म्हणाली, "ऊटा आयतेनु?"

जेवण झालं का. अव्वाचं माहेर कर्नाटकातल्या भालकीकडचं. अप्पा भुसार दुकान बंद करून दुपारी घरी आले की ती त्यांना हेच विचारायची, कानडीत, आणि फक्त त्यांनाच.

मी म्हणायला हवं होतं, अव्वा, मी संगा. मी म्हणालो, "झालं."

"बरं झालं." तिने माझा हात धरला. मग मराठीत आली, हळू आवाजात. "संगा बाहीर हाय का? त्याला आईकू येऊ देऊ नका. पुण्यात आसताना अंडी खायचा त्यो. घरी आला की आदी मोरीत जाऊन चूळ भरायचा, मग पाया पडायचा. मला म्हाईत न्हाई व्हय!" आणि हसली. दोन दातांचं हसू, लहान पोरीसारखं. मलाही हसू आलं. तिथेच मी बोलायला पाहिजे होतं.

मग तिचा चेहरा बदलला. डोळ्यांतून पाणी कानाकडे जायला लागलं. "तुमाला झटका आला तवा त्यो पळत आला. चार दिसांनी म्हनला, पुण्यात करमत न्हाई, आता हितंच ऱ्हातो. करमत व्हतं त्याला. लई करमत व्हतं. मला दिसत व्हतं की. तुमची वाचा गेलती, तरी तुमी हातानं म्हनत व्हता, जाऊ दे त्याला, जाऊ दे. मी तुमचा हात दाबून धरला. धरला का न्हाई? मला पोरगं घरी पायजे व्हतं. जा म्हनाया पायजे व्हतं, म्या म्हनलं न्हाई."

तिने माझा हात गादीवर दाबून धरला. चांगला जोर होता. मग झोपली.

अप्पा अंथरुणावर असताना मी समोर आलो की हात हलवायचे. मी 'बस' असं समजायचो. बसायचो.

६ जानेवारी, सोमवार

उलट्या दोन झाल्या, आता थांबल्या. ताप नाही. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय. सकाळी पूजा केली. मॅडमना म्हणाली, "सपनात काय तरी निळं निळं व्हतं, आन मी उडत व्हते. झाडाला पाय लागत व्हते." एवढंच आठवतं म्हणाली.

मी बाजूला उभा होतो. गोळ्यांची पाकिटं मोजत राहिलो.

८ जानेवारी, बुधवार

परळीला आलो. पित्ताची पिशवी नंतर काढायची आहे, महिना-दीड महिन्यात. तेल-तूप बंद. अव्वाला मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात. ती म्हणाली, "ह्ये खाऊन बरं व्हन्यापरीस खडा बरा व्हता."

दुकानात बसलो होतो तर लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच पिशवी दिली.

तिने जे सांगितलं ते मला सांगितलंच नव्हतं. माझा काही दोष नाही, औषधाचा परिणाम. पण 'झालं' मी म्हणालो होतो, औषध नाही. मला राग आलाय का, हेही तपासून बघतोय. थोडा आलाय. कुणाचा, ते नेमकं कळत नाही. परत आलो तेव्हा पुण्यात वरच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. हे मी अव्वाला कधी सांगितलं नव्हतं, मग तिला दिसलं कुठून? मी आनंदानेच परत आलो असं मला वाटायचं. निदान तसं सांगून सांगून वाटायला लागलं होतं.

'तसं' लिहिलंय. महानंदाने हे वाचू नये.

१० जानेवारी, शुक्रवार

अव्वाने आज दोनदा विचारलं, "त्या दिशी मी काय बोलले रे? महानंदा म्हनती, तूच व्हतास." मी म्हणालो, कानडीत काहीतरी, मला कळलं नाही.

पुन्हा केलं मी. आठ दिवसही झाले नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी अव्वा अंगणात उन्हात बसून संक्रांतीसाठी तीळ निवडत होती. मी दुकानाची किल्ली घेऊन निघालो होतो. उंबऱ्यात थांबलो, चप्पल काढली आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.

"अव्वा, परवा मी कानडी म्हणालो ते खोटं होतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "बोल."

आधी अंड्याचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. ती इतकी हसली की पोटाला हात लावून बसली. "म्या हे बोलले? अरं देवा!" मग म्हणाली, "आनखी?"

तिथे थांबता आलं असतं. मी पुढचं सांगितलं. ती मला अप्पा समजली, मी अप्पा होऊन 'झालं' म्हणालो, आणि मग ती काय बोलली ते. शब्द न बदलता. हात दाबून धरल्याचंही सांगितलं.

अव्वाची बोटं तिळांत तशीच राहिली. मला वाटलं, नाही म्हणेल. गुंगीतली बडबड म्हणेल, तिला म्हणायला जागा होती.

"हां," ती म्हणाली. "धरला व्हता हात."

मग ताट बाजूला ठेवलं. "लई करमत व्हतं का तितं?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःही नाही. मी म्हणालो, "लई."

"काय व्हतं येवढं?"

मी सांगायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली सांगितली. चौघं होतो, एक परळीचा, तीन कुठले कुठले. प्रयोगशाळेतलं यंत्र सांगितलं, ज्याला हात लावायची परवानगी आमच्या विभागात दोघांनाच होती आणि त्यातला एक मी होतो. एकदा एका औषधाच्या बॅचमध्ये खोट होती, ती मी पकडली आणि सगळा माल थांबवला, तेव्हा साहेबांनी सर्वांसमोर टाळ्या वाजवल्या. अव्वा म्हणाली, "येवढ्या लोकांत? आन घरी सांगितलं न्हाईस?" मी म्हणालो, "तेव्हा अप्पा आजारी पडले." ती म्हणाली, "हां. मग? फुडं सांग."

महानंदा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. आमचं लग्न मी परत आल्यावरचं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने ती उंबऱ्यावरच बसली.

दुकान उघडायची वेळ टळून गेली. समोरून पंडित वाणी ओरडून गेला, "आज मेडिकल बंद हाय का काय बे?" मी हात केला.

"ती खोली आजून आसंल का?" अव्वाने विचारलं.

"बिल्डिंग असेल. कोण राहतंय काय माहीत."

"मला बगायची."

"अव्वा, जिना आहे. तीन मजले. आणि तुझं अजून ऑपरेशन व्हायचंय."

"पिशवी नंतर काढू. आदी ती खोली." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. "तू फुडं चल. मी दमले तर पायरीवर बशीन. तू वर जाऊन ये, मी काय तुला हाक मारनार न्हाई."

मी दुकानाची किल्ली खिशात टाकली. महानंदा उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "मी बी येनार हाय. त्यांना पायरीवर एकटीला कोन बसवतंय?"

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, दहा-बारा दिवस जाऊ द्या, ताप नसेल तर बसून प्रवास चालेल, तेलकट खायला घालू नका. जानेवारीअखेरचं ठरलं. अव्वाने आत्ताच विचारलंय, पुण्यात थंडी कशी असते, शाल एक घ्यावी का दोन.